पोकळ लाकडाचा नाद : साधी गिटार आणि विजेची गिटार

‘गावरान अंडे’ हा शब्द आपल्या पणज्यांच्या तोंडी नव्हता. त्यांच्या काळी अंडे म्हणजे अंडेच. कोंबडी दारात हिंडणारी आणि अंडे परसात सापडणारे. पोल्ट्रीची अंडी बाजारात आली, तेव्हा जुन्या अंड्याला विशेषण लावण्याची पाळी आली. हातमागाचेही तसेच. यंत्रमाग येईपर्यंत माग हातानेच चालत असे. तेव्हा ‘हात’ हा शब्द पुढे जोडण्याचे कोणाला कारणच नव्हते. गिटार या वाद्यावर हाच प्रसंग १९३० नंतर ओढवला. विजेवर वाजणारी गिटार निघाली आणि तोवर जी नुसती ‘गिटार’ होती, ती ‘अकूस्टिक गिटार’ झाली. आपण तिला साधी गिटार म्हणू. म्हणजे वीज न लागणारी. लोडशेडिंगच्या दिवसांत ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांना या व्याख्येचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आता विचार असा करावयाचा, की विजेची गिटार निघून नव्वदांहून अधिक वर्षे झाली, तरी साधी गिटार मागे का पडली नाही? हिशेबाने पाहू गेल्यास ती केव्हाच अडगळीत जावयास हवी होती. विजेची गिटार हवी तितकी मोठ्याने वाजते. तिचा स्वर लांब टिकतो. तिच्या तारा बारीक असतात; साध्या गिटारीवरची सर्वांत बारीक पोलादी तार सामान्यतः ०.३० मिलिमीटरची, तर विजेच्या गिटारीवरची पुष्कळदा ०.२३ मिलिमीटरची. साध्या गिटारीवर नवशिक्याची बोटे पहिल्या महिन्यात सोलून निघतात, तिथे विजेची गिटार बरीच दयाळू आहे. आणि एवढे असूनही वाद्यांच्या दुकानात जावे, तर भिंतीवर पोकळ लाकडाच्या गिटारी ओळीने टांगलेल्या दिसतात आणि शिकू पाहणारी मुले बहुधा तीच उतरवून मागतात.

याला ‘जुने ते सोने’ असे उत्तर देऊन मोकळे होता येते. पण आम्हाला ते पटत नाही. जुने म्हणून टिकावयाचे असते, तर ग्रामोफोनच्या चावीचा कर्णाही घरोघर राहिला असता. दुसरे उत्तर स्वस्ताईचे. साध्या गिटारीला ॲम्प्लिफायर लागत नाही, वायर लागत नाही, हे खरे. पण लाखो रुपये सहज खर्च करू शकणारे वादकही पुन्हापुन्हा तिच्याकडेच वळतात, त्याचा उलगडा या उत्तराने होत नाही. कारण वाद्याच्या घडणीतच शोधले पाहिजे.

नुसती ताणलेली तार छेडली, तर आवाज जवळजवळ येतच नाही. तार इतकी बारीक असते, की ती हवेला ढकलू शकत नाही. हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. खराट्याच्या एका काडीने कोणाला वारा घालून पाहावा, म्हणजे ही अडचण ध्यानात येईल. काडीचे काम होत नाही, त्याला विंझणाच लागतो. गिटारीतला विंझणा म्हणजे तिची वरची फळी. आपल्या तंबोऱ्याची जशी तबली, तशी ही तबली समजा. तारा घोडीवरून जातात, तारांचा कंप घोडीतून तबलीत उतरतो आणि ती रुंद, पातळ फळी सगळी हलू लागून हवेला हलवते. आत कोंडलेली हवाही स्वस्थ बसत नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती घुमते, तशी गिटारीच्या पोटातली हवा मधल्या गोल भोकातून घुमते. सामान्य गिटारीत हा घुमारा सेकंदाला शंभर कंपांच्या आसपास असतो. सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ८२ कंपांचा. तेव्हा खालच्या स्वरांना जी ऊब येते, ती पुष्कळशी या पोकळीतली हवाच देत असते.

ही तबली जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. तिच्यावर सहा पोलादी तारांचा मिळून सुमारे सत्तर किलोंचा ताण असतो. म्हणजे एक धडधाकट माणूस अहोरात्र ओढत बसला आहे असे समजावे. फळी जाड करावी, तर ती हलत नाही. पातळ करावी, तर घोडीपाशी वाकते, उखडते. सारी कारागिरी या पेचात आहे. आतून लाकडी पट्ट्या कशा चिकटवायच्या, यावर कारागिरांच्या पिढ्या खर्ची पडल्या. जर्मनीतून १८३३ मध्ये न्यूयॉर्कला गेलेल्या सी. एफ. मार्टिन यांच्या कारखान्यात १८४० नंतर गुणाकाराच्या चिन्हासारखी एकमेकींना छेदणारी पट्ट्यांची रचना वापरात आली आणि पोलादी तारांच्या गिटारी आजही बहुतांशी तिच्यावरच उभ्या आहेत.

तबलीच सर्व काही, हे सिद्ध करणारा एक विलक्षण प्रयोग स्पेनमध्ये झाला. आज आपण ज्या आकाराला अभिजात गिटार म्हणतो, तो ज्याच्या हातून निश्चित झाला, त्या आंतोनिओ दे तोर्रेस या सुताराने १८६२ मध्ये एक गिटार बांधली. तिची तबली नेहमीसारखी चांगल्या लाकडाची होती. पाठ आणि बाजू मात्र चक्क पुठ्ठ्याच्या! पाठीला उंची लाकूड नसले, तरी तबली नीट असेल तर गिटार बोलते, हे त्याला दाखवावयाचे होते. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे. पुढे दीडशे वर्षांनी, २०१८ मध्ये, इंग्लंडातील संशोधकांनी जवळपास हाच प्रश्न नव्या रीतीने तपासला. एकाच घडणीच्या सहा गिटारी, फक्त पाठीचे आणि बाजूंचे लाकूड निरनिराळे. त्या बावन्न वादकांना लाकूड दिसू न देता वाजवावयास दिल्या. महाग लाकडाची आणि स्वस्त लाकडाची गिटार त्यांना नादावरून खात्रीने वेगळी काढता आली नाही. ब्राझीलची शिसव दुर्मिळ झाल्यावर तिच्या जागी दक्षिण भारतातली शिसव जगभरच्या गिटारींच्या पाठीला गेली, आणि आपल्या जंगलांवरही तिचा भार पडला. तोर्रेसचा पुठ्ठा तेव्हा कोणी आठवला असता, तर काही झाडे वाचती.

असो. या घडणीतून एक गोष्ट निघते, आणि आमच्या मते साध्या गिटारीच्या ओढीचे मूळ तीत आहे. बोटाने तार ओढली, तेवढीच काय ती शक्ती या वाद्यात येते. बाहेरून आणखी कोणी काही घालीत नाही. त्या मूठभर शक्तीतून आवाजाचा मोठेपणा, स्वराचा पोत आणि स्वराचे आयुष्य, तिन्ही भागवावयाची. तबली जितकी मोकळेपणाने हवेला हलवील, तितका आवाज मोठा. पण तितकीच तारेतली शक्ती लवकर खर्च होणार आणि स्वर लवकर विझणार. साध्या गिटारीचा स्वर जन्मतो तो मावळायलाच. वादकाला हे ठाऊक असते. म्हणून तो पुढचा स्वर, मागचा पुरता विझण्यापूर्वी, त्याच्या प्रकाशात आणून ठेवतो.

आवाज लहान, ही तक्रार मात्र फार जुनी आणि अगदी खरी आहे. गेल्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत नाचगृहे मोठी झाली, तुताऱ्या आणि सॅक्सोफोन यांचे ताफे आले आणि त्यांत गिटार ऐकूच येईना. प्रथम विजेशिवायचे उपाय झाले. १९२० ते १९३० या दशकाच्या अखेरीस गिटारीच्या पोटात ॲल्युमिनियमचे पातळ शंकू बसवून पाहिले. त्या खटपटीत असलेला जॉर्ज बोशां हा वादक पुढे विजेकडे वळला. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्येच दाखवून दिले होते, की तारेच्या वेटोळ्यापाशी चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले, तर वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. गिटारीच्या पोलादी तारेखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे हजारो वेढे ठेवले, की तार जशी थरथरते तशी वीजही थरथरते. ती मोठी करून कर्ण्यात सोडावयाची. याला पिकअप म्हणतात. १९३१–३२ च्या सुमारास तयार झालेली बोशांची पहिली गिटार दिसावयास लांब दांड्याच्या कढईसारखी होती, आणि लोक तिला ‘फ्राइंग पॅन’च म्हणत. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी नळी फिरवून वाजवावयाची हवाईयन गिटार होती, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. तिचा धागा पुढे आपल्यापर्यंत येतो.

या पिकअपमध्ये लाकडाचे काम काय? जवळजवळ काहीच नाही. तार हलली की पुरे. उलट पोकळ धड अडथळाच करते. मंगलकार्यालयात ध्वनिक्षेपक कर्ण्यासमोर आला की जी कर्कश शिट्टी वाजते, ती आपण सर्वांनी सोसलेली आहे. कर्ण्याचा आवाज ध्वनिक्षेपकात शिरतो, पुन्हा कर्ण्यातून निघतो, आणि ही प्रदक्षिणा थांबत नाही. पोकळ गिटारीचे धड नेमके असेच कर्ण्याचा आवाज झेलते आणि तारांना परत देते. म्हणून पुढचा विचार असा निघाला, की धड भरीवच का नसावे? लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास देवदारी लाकडाच्या चौकोनी ओंडक्याला दांडी, तारा आणि पिकअप बसवून गिटार केली. लोकांना ती गिटार वाटेना. तेव्हा त्याने दुसऱ्या एका गिटारीचे धड कापून त्याच्या दोन बाजू ओंडक्याला नुसत्या शोभेसाठी चिकटवल्या. माणसे डोळ्यांनीही ऐकतात, हे त्याला उमगले असावे. पुढे कॅलिफोर्नियातील रेडिओ दुरुस्त करणारे लिओ फेंडर यांनी १९५० पासून भरीव फळीच्या गिटारी कारखान्यात काढावयास सुरुवात केली, आणि विजेची गिटार घराघरांत गेली.

भरीव गिटारीचा स्वर लांब का टिकतो, हे आता सांगणे सोपे आहे. तिची तार हवेला फारसे काही देतच नाही. शक्ती तारेतच राहते आणि आवाज मोठा करण्याचा खर्च भिंतीतली वीज सोसते. याने वाद्याला अपूर्व लाभ झाला, हे नाकारणे कोतेपणाचे होईल. स्वर टिकला, म्हणून तो ओढता आला, वळवता आला, गळ्यासारखा रडवता आला. १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या ताफ्यात आलेल्या चार्ली ख्रिश्चन या तरुणाने विजेच्या गिटारीवर सॅक्सोफोनच्या बरोबरीने लांब, सलग ताना वाजवल्या. १९४२ मध्ये क्षयाने तो वारला, ऐन पंचविशीत. पण तोवर गिटारीला एकलवादकाचा पाट मिळालेला होता. विजेची गिटार ही साध्या गिटारीची मोठी केलेली प्रत नव्हे. ते दुसरे वाद्य आहे. तारा आणि पडदे तेवढे सारखे.

पण त्याच काळात काउंट बेसी यांच्या ताफ्यात फ्रेडी ग्रीन नावाचा वादक बसत असे. १९३७ साली तो आला आणि १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, तिथे राहिला. त्याची गिटार पोकळ, बिनविजेची. तुताऱ्यांच्या गदारोळात ती स्वतंत्रपणे क्वचितच ऐकू येई. चार मात्रांना चार हलके आघात, एवढेच त्याचे काम. तरीही जाणकार सांगत, की बेसींच्या ताफ्याची चाल त्या गिटारीवर उभी आहे. लग्नाच्या पंगतीत मिठाचे नाव कोणी घेत नाही, तसे ते होते. ख्रिश्चन आणि ग्रीन यांच्यापैकी श्रेष्ठ कोण, हा वाद आम्ही घालणार नाही. पण मोठा आवाज हीच वाद्याची एकमेव गरज असती, तर ग्रीन पन्नास महिनेही टिकला नसता.

विजेने काय नेले, तेही सांगितले पाहिजे. साधी गिटार वाजवणाराच्या छातीला आणि मांडीला लागलेली असते. तबलीचा कंप त्याच्या बरगड्यांत उतरतो. ऐकणारा समोर चार हातांवर असेल, तर आवाज त्या लाकडातूनच त्याच्यापर्यंत येतो; जिथे बोट तिथे स्वर. विजेच्या गिटारीत बोट इथे आणि आवाज तिकडे, कोपऱ्यातल्या खोक्यात. जाड तारेवरून बोट सरकताना होणारी बारीक चीं, नखाचा आणि बोटाच्या मांसाचा फरक, वादकाचा निःश्वास, हे सगळे साध्या गिटारीत संगीताच्या बरोबरच येते. कोणी याला दोष म्हणतील. आम्हाला तो माणसाचा पुरावा वाटतो. आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) यांनी मोठमोठ्या सभागृहांतही ध्वनिक्षेपक घेण्याचे नाकारले. परिणाम असा, की वाद्याचा आवाज वाढवण्याऐवजी सभागृहाला आपला आवाज कमी करावा लागे. हजारो माणसांनी खोकला आवरून एका लहान आवाजाकडे कान लावावेत, हा शिष्टाचार त्या वाद्याने घडवला. आपल्या सभा-समारंभांत कर्णे ज्या वाढत्या मापाने लावले जातात, ते पाहता हा शिष्टाचार आम्हाला फार मोलाचा वाटतो. साध्या गिटारीबरोबर गमावण्याची भीती आहे ती याचीच.

हा प्रश्न केवळ कानांचा राहिला नाही, याचे उदाहरण २५ जुलै १९६५ ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात घडले. साधी गिटार घेऊन एकटा गाणारा बॉब डिलन त्या रात्री विजेची गिटार आणि साथीचा ताफा घेऊन उभा राहिला. श्रोत्यांतून ओरडा झाला. कोणी म्हणतात तो विजेविरुद्ध होता, कोणी म्हणतात आवाज नीट लागत नव्हता म्हणून, कोणी म्हणतात कार्यक्रम थोडक्यात आटोपला म्हणून. तीन गाणी म्हणून तो आत गेला आणि परत आला तो साधी गिटार घेऊन. आणखी दोन गाणी म्हणाला. तेथील बऱ्याच श्रोत्यांच्या मनात साधी गिटार म्हणजे खरेपणा आणि विजेची म्हणजे बाजार, असे समीकरण बसले होते. आम्हाला ते समीकरण मान्य नाही. शिकागोच्या कष्टकरी वस्त्यांतले निळे सूर विजेच्या गिटारीवरच वाजत होते. त्यांना खोटे कोण म्हणेल?

हे समीकरण बाजाराने मात्र बरोबर ओळखले. अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी वाहिनीवर १९८९ मध्ये ‘अनप्लग्ड’, म्हणजे वायर काढलेला, असा कार्यक्रम सुरू झाला. विजेच्या गिटारीवर नाव कमावलेल्या एरिक क्लॅप्टन यांनी १९९२ मध्ये त्यात साध्या गिटारीवर आपली जुनी गाणी संथ लयीत म्हटली, आणि त्या ध्वनिमुद्रणाला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाले. १९९३ मध्ये याच कार्यक्रमात कर्ट कोबेनने वाजवलेली १९५९ ची मार्टिन गिटार २०२० मध्ये साठ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली; तोवर कोणत्याही गिटारीला इतकी किंमत आली नव्हती. गंमत अशी, की ती गिटार पोकळ असली, तरी कारखान्यातूनच पिकअप बसवून निघालेली होती आणि कार्यक्रमात तिची वायर जोडलेली होती! आज रंगमंचावर दिसणाऱ्या बहुतेक साध्या गिटारींच्या घोडीखाली असे काहीतरी दडलेले असते. तेव्हा ‘साधी’ हा शब्द रंगमंचावर सैल अर्थाने घ्यावा. खरी साधी गिटार ऐकावयाची, तर ती कोणाच्या तरी खोलीतच.

आपल्याकडे गिटारीचा इतिहास थोडा उलटा आहे. गोव्याच्या घरांतून आणि मुंबईच्या वाद्यवृंदांतून साधी गिटार वाजत होतीच. पण सर्वसामान्य श्रोत्याच्या कानी पहिल्यांदा ठसली ती मांडीवरची हवाईयन गिटार, आणि तीही पुष्कळदा विजेची. व्हॅन शिपली यांनी चित्रपटगीते तिच्यावर वाजवली आणि गावोगावच्या ऑर्केस्ट्रांत ती जाऊन बसली. कारण उघड आहे. पडद्यांच्या गिटारीवर आपली मींड नीट निघत नाही. नळी फिरवली, की निघते. ब्रिजभूषण काब्रा यांनी याच मांडणीवर राग वाजवले, आणि शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ ची ध्वनिमुद्रिका घरोघर गेली. विश्वमोहन भट्ट यांनी पोकळ गिटारीला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली.

पोकळ लाकडाशी तर आपले नाते गिटारीहून जुने आहे. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा मिरजेत जातो, त्याला तबली आणि दांडी लागते, घोडीवर जवारी काढली जाते, आणि तंबोरा होतो. मिरजेच्या या कारागिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आज पुष्कळ गायकांच्या शेजारी तंबोऱ्याचे विजेचे खोके किंवा मोबाईल असतो. रियाजाला ते सोयीचे आहे, प्रवासात तर वरदानच. पण दांडीला कान लावून स्वर मिळवणाऱ्याला जे मिळते, ते खोक्यातून मिळत नाही, असे गायकच सांगतात. साधी गिटार पोटाशी धरणारा हेच निराळ्या शब्दांत सांगत असतो.

ज्यांच्या घरात गिटार यावयाची आहे, त्यांच्यासाठी शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. भरीव गिटारीला हवामानाचे फारसे सोयरसुतक नसते. पोकळ गिटारीला असते. आषाढ-श्रावणात कोकणातल्या दमट हवेत तबली पाणी पिऊन फुगते, घोडी वर येते, तारा पडद्यांपासून उंच होतात आणि मुलाला वाटते आपलीच बोटे कमजोर झाली. मे महिन्यात नागपूरकडे उलटे होते. लाकूड आक्रसते आणि तबलीला रेषेत तडा जातो. पावसाळ्यात पेटाऱ्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकाव्या, उन्हाळ्यात साबणाच्या भोके पाडलेल्या डबीत ओला पिळलेला स्पंज ठेवावा, आणि गिटार खिडकीजवळच्या किंवा स्वयंपाकघरालगतच्या भिंतीवर टांगू नये.